परीक्षा कामगाराची, की कारखान्याची?

कोणत्याही सुव्यवस्थित कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांची ठराविक मुदतीने तपासणी होत असते. व्हर्निअर असो, मायक्रोमीटर असो, वा बाष्पपात्रावरचा दाबमापक असो, तो प्रयोगशाळेत पाठविला जातो, त्याच्या अचूकतेचा दाखला घेतला जातो आणि पुढील तपासणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याच्यावर चिकटविली जाते. तारीख उलटून गेलेले उपकरण कोणी वापरले तर तपासनीस त्याला जाब विचारतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या माणसाने ते उपकरण हाती धरावयाचे, त्यावरील सूक्ष्म रेषा वाचावयाच्या, वाचलेला आकडा कागदावर उतरवावयाचा आणि त्या आकड्यावरून यंत्र चालू ठेवावे की थांबवावे हे ठरवावयाचे, त्या माणसाला तो आकडा नीट वाचता येतो की नाही, हे पाहण्याची पद्धत आपल्या किती कारखान्यांत आहे? उपकरणाच्या अचूकतेची चौकशी करणारी आपली उद्योगसंस्था वाचणाऱ्या माणसाविषयी मात्र केवळ अदमासावर विसंबून राहते, ही विसंगती आम्हांस गंभीर वाटते.

वाशीच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर पूल झाला आणि १९९२ साली मानखुर्दहून आगगाडी वाशीपर्यंत आली, तेव्हापासून या नगरीचे तोंड मुंबईकडे वळले, हे खरे. परंतु तिच्या पाठीशी तुर्भे, पावणे, महापे, रबाळे, दिघे असा जो औद्योगिक पट्टा पसरलेला आहे, तो या नगरीहून वयाने वडील आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखान्यांची रांग उभी राहिली. सिडकोचा जन्म त्यानंतर, १९७० साली झाला. त्या रांगेतील काही मोठे कारखाने पुढे बंद पडले आणि त्यांच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती आल्या. तथापि लहानमोठ्या यंत्रशाळा, रसायनांचे, प्लॅस्टिकचे, औषधांचे व खाद्यपदार्थांचे कारखाने आजही तेथे चालू आहेत. त्यांत काम करणारा ऑपरेटर आपल्याला दिसत नाही, कारण तो आपल्या लोकलमध्ये आपल्या वेळेला बसत नाही. पण आपण वापरतो त्या असंख्य वस्तूंची अचूकता, आणि पुष्कळदा आपली सुरक्षितताही, त्याच्या वाचण्या-मोजण्यावर अवलंबून असते.

या माणसाला यंत्र चालविण्यासाठी कोणते मूलभूत ज्ञान लागते, ते प्रथम नीट पाहिले पाहिजे. समजा, एका दांड्याचा व्यास २५ मिलिमीटर हवा असून त्यात ०.०५ मिलिमीटरची सूट आहे. म्हणजे २४.९५ पासून २५.०५ पर्यंतचा दांडा चालेल, त्याबाहेरचा टाकून द्यावा लागेल. हे समजण्यास दशांशचिन्हाचा अर्थ कळावा लागतो. ज्याचे दशांश कच्चे राहिले आहेत त्याला २५.१२ ही संख्या २५.५ हून मोठी वाटते, कारण बारा हे पाचांहून अधिक, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब मूर्खपणाचा नाही. पूर्णांकांचा जो नियम त्याला शिकविला गेला तोच तो प्रामाणिकपणे पुढे चालवीत असतो. आम्ही काही वर्षे शाळेत अध्यापन केले आहे, आणि ही समजूत मुलांच्या पाटीवर कितीदा दिसते हे कोणताही शिक्षक सांगू शकेल. प्रश्न इतकाच की, पाटीवर ती पुसता येते. कापल्या गेलेल्या पोलादावर ती पुसता येत नाही.

दुसरे उदाहरण लेथचे घ्या. धातू कापण्याचा वेग मिनिटाला ३० मीटर ठेवावयाचा असेल तर ५० मिलिमीटर व्यासाचा गोल मिनिटाला सुमारे १९१ फेऱ्यांनी फिरवावा लागतो, आणि २५ मिलिमीटर व्यासाचा सुमारे ३८२ फेऱ्यांनी. व्यास निम्मा झाला की फेऱ्या दुप्पट, हे शाळेतले व्यस्त प्रमाण होय. जुना टर्नर हे सूत्र न लिहिताही बरोबर काम करीत असे. कापला जाणारा धातू कसा आवाज करतो, कीस कोणत्या रंगाचा निघतो, हाताखाली थरथर किती आहे, यांवरून तो वेग ठरवी. त्याचे गणित त्याच्या कानात आणि बोटांत होते. आता त्या लेथच्या जागी संगणकचलित यंत्र आले. त्याला दार आहे, दाराला काच आहे, आणि कामगाराच्या समोर एक पडदा आहे. कानाने ऐकावयाचे ते त्याला आता आकड्यांतून वाचावे लागते. यंत्र अधिक शहाणे झाले म्हणजे माणूस कमी शहाणा असला तरी चालेल, अशी एक भोळी समजूत प्रचलित आहे. वस्तुस्थिती तिच्या उलट आहे. यंत्र जितके शहाणे, तितकी ते चालविणाऱ्याकडून अक्षरांची आणि अंकांची अपेक्षा मोठी.

रसायनांच्या कारखान्यात हीच गोष्ट अधिक धोक्याची होते. पिंपावरचे चित्र व इशारा वाचणे, एकास दहा या प्रमाणाचा नेमका अर्थ जाणणे, पाण्यात आम्ल ओतावयाचे, आम्लात पाणी नव्हे, ही सूचना वाचून तंतोतंत पाळणे, आणि रात्रपाळी संपवून जाताना पुढच्या माणसासाठी नोंदवहीत दोन सुबोध वाक्ये लिहून ठेवणे, ही सर्व वाचन-लेखन-गणिताचीच कामे आहेत. ‘तीन नंबरची झडप दुरुस्तीसाठी काढली आहे’ एवढे वाक्य लिहिले न गेल्यामुळे किंवा वाचले न गेल्यामुळे जीव जाऊ शकतात.

आता हे मूलभूत शिक्षण आपल्या तरुणांजवळ कितपत आहे? २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण ८२ टक्क्यांच्या वर होते, आणि तेव्हापासून ते वाढलेलेच असणार. परंतु साक्षर हा शब्द फार ढिला आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने ‘असर’ नावाची जी पाहणी होते, तिच्यात २०२३ साली देशाच्या २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षे वयाच्या ग्रामीण मुलामुलींना साधी व्यवहारातील कामे करावयास सांगितली होती. वस्तूचे एक टोक पट्टीच्या शून्यावर ठेवलेले असेल, तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांनी तिची लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्यावरून थोडी पुढे सरकवून ठेवली, आणि बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे साधे उदाहरण निम्म्याहून अधिक मुलांना सुटले नाही. ही मुले निरक्षर नाहीत. त्यांतली बहुतेक शाळा-महाविद्यालयांत नाव असलेली आहेत. आणि यांच्यातूनच उद्याचा हेल्पर व परवाचा ऑपरेटर यावयाचा आहे. पट्टी शून्यावर नसली म्हणजे काय करावयाचे, हे तर यंत्रशाळेतले नित्याचे काम!

यावरून कोणी आपल्या लोकांना कमी लेखू नये. प्रगत म्हणविणाऱ्या देशांनाही हा अनुभव आलेला आहे. १९९९ साली सर क्लॉस मोझर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. इंग्लंडमधील पाच प्रौढांपैकी जवळजवळ एकाला दूरध्वनीच्या धंदेवाईक सूचीतून, वर्णानुक्रम हाती असतानाही, नळ दुरुस्त करणाऱ्याचे पान शोधून काढता येत नाही, असे त्यात नमूद होते. शंभर वर्षांहून अधिक काळ सक्तीचे शिक्षण असलेल्या देशाची ही कथा! तेथील सरकारने ती झाकून ठेवली नाही. २००१ साली प्रौढांच्या मूलभूत कौशल्यांसाठी देशव्यापी योजना आखली. उणीव असणे हे लांच्छन नव्हे, ती मोजावयास नकार देणे हे मात्र खचित लांच्छन आहे.

आपल्याकडे मोजणी झाली ती निराळ्याच प्रकारची. २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य विकास धोरणात असे सांगितले होते की, भारतातील केवळ ४.६९ टक्के श्रमिकांनी रीतसर प्रशिक्षण घेतलेले आहे. जर्मनीत हे प्रमाण ७५, जपानात ८० आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के आहे. हा आकडा सभासंमेलनांतून पुष्कळदा उच्चारला गेला. पण त्याचा अर्थ उरलेले ९५ टक्के अडाणी आहेत असा होत नाही. ते शिकले, पण त्यांना कोणी शिकविले नाही. ते दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून शिकले.

मुंबईच्या गिरणगावात ही शिकण्याची रीत कैक पिढ्या चालली. गावाहून आलेला तरुण नात्यागोत्याच्या माणसाबरोबर साच्यावर जाई, बदली कामगार म्हणून दारात उभा राही, आणि जॉबरच्या मर्जीने खात्यात शिरून बघून बघून तयार होई. या पद्धतीने उत्तम विणकर निर्माण केले, हे नाकारता येणार नाही. परंतु तिच्यात एक मोठे वैगुण्य होते. शिकविणाऱ्याला जे येत नसे ते शिकणाऱ्यालाही येत नसे; शिकविणाऱ्याची चुकीची सवय शिकणाऱ्याच्या अंगवळणी पडे; आणि कोणाला काय येते याचे ज्ञान फक्त जॉबरच्या डोक्यात राही. ज्ञान जेथे एका माणसाच्या मुठीत असते, तेथे सत्ताही त्याच मुठीत असते. १९३१ साली राजकीय श्रम आयोगाने जॉबरच्या अधिकारावर जी टीका केली तिच्या मुळाशी हेच होते. गिरण्या गेल्या, जॉबर गेला; तरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कितीतरी लहान कारखान्यांत ‘त्याच्याबरोबर आठ दिवस उभा राहा, मग यंत्र घे’ एवढेच प्रशिक्षण आजही चालते.

याला पर्याय नव्हता असे नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला अल्पावधीत हजारो जहाजबांधणी कामगार तयार करावे लागले, तेव्हा चार्ल्स ॲलन या शिक्षकाने चार पायऱ्यांची रीत बसविली. शिकणाऱ्याचे मन तयार करावे, काम करून दाखवावे, त्याच्याकडून करवून घ्यावे, आणि अखेर ते त्याला आले की नाही हे तपासावे. दुसऱ्या महायुद्धात १९४० ते १९४५ या काळात ‘कारखान्यांतर्गत प्रशिक्षण’ या नावाने हीच रीत अमेरिकेत सर्वदूर पोचली, आणि युद्धानंतर जपानने ती आपलीशी केली. तिच्यातील एक साधन अगदी साधे आहे. एका कागदावर आडव्या ओळीत कामगारांची नावे आणि उभ्या ओळीत कामांची नावे लिहावयाची. ज्याला जे येते तेथे खूण करावयाची, आणि जेथे रिकामे घर राहील तेथे ते काम त्याने कोणत्या तारखेपर्यंत शिकावे ते लिहावयाचे. शाळेतल्या हजेरीपटाहून यात अधिक काही नाही. पण हा कागद भिंतीवर लागला की, कोण आजारी पडल्यास कोणते यंत्र बंद पडेल, हे मालकाला एका दृष्टिक्षेपात कळते.

मात्र या कागदाच्याही खाली आणखी एक थर असतो. अमुक यंत्र चालविता येते की नाही हा एक प्रश्न. आणि ते शिकण्यासाठी लागणारे वाचन, लेखन, मापन, गणित व संभाषण येते की नाही हा दुसरा. पहिल्यात उणीव असेल तर यंत्रावर आठ दिवसांत भरून निघेल. दुसऱ्यात उणीव असेल तर यंत्रावर कितीही दिवस उभे केले तरी ती झाकली जाईल, भरली जाणार नाही. कारण ज्याला वाचता येत नाही तो ते लपविण्यात मोठा निष्णात होतो. ‘चष्मा घरी राहिला’, ‘हात तेलाचे आहेत, तूच वाच’, अशा सबबींवर आणि शेजारच्या सोबत्याच्या भलेपणावर त्याची वर्षे निघून जातात. ज्या दिवशी तो सोबती रजेवर जातो त्या दिवशी सगळा माल परत येतो, किंवा त्याहून वाईट काही घडते. आणि चौकशीच्या कागदावर ‘ऑपरेटरची हयगय’ असे दोन शब्द लिहिले जातात.

म्हणून आमचे म्हणणे असे की, प्रत्येक कारखान्याने आपल्या ऑपरेटरांच्या मूलभूत कौशल्यांची पाहणी करावी. पण ती कशी करावी याविषयी शिक्षकाच्या अनुभवातून चार शब्द सांगणे प्राप्त आहे. शाळेत दोन प्रकारच्या परीक्षा असतात. एक वार्षिक परीक्षा. तिच्यात मुलाला वर चढवावे की मागे ठेवावे हे ठरते. दुसरी चाचणी, तिच्यात शिक्षकाने उद्या वर्गात काय शिकवावे हे ठरते. पहिलीत मुलाचा निकाल लागतो, दुसरीत शिक्षकाचा. कारखान्यातली पाहणी दुसऱ्या प्रकारची असली पाहिजे. ती पहिल्या प्रकारची झाली की कामगार उत्तरे पाठ करील, सोबत्याची नक्कल करील, अगर त्या दिवशी आजारी पडेल, आणि हाती लागलेला कागद खोटा असेल.

या पाहणीचे प्रश्न शाळेच्या पुस्तकातून काढू नयेत. कारखान्याचेच जॉब कार्ड, कारखान्याचेच ड्रॉइंग, कारखान्याचीच पाळी-नोंदवही पुढे ठेवावी. ‘या कागदावरून आज किती नग करावयाचे ते सांगा’, ‘हा दांडा मोजा आणि चालेल की नाही ते ठरवा’, ‘यंत्र कोणत्या कारणाने थांबले ते येथे लिहा’, एवढे पुरे. ज्या कामात जे ज्ञान लागते तेवढेच तपासावे. पॅकिंग करणाऱ्याला त्रिकोणमिती विचारण्यात अर्थ नाही. तोंडी आणि यंत्रापाशी विचारता येईल ते लेखी विचारू नये. आणि प्रत्येकाला त्याला अवगत असलेल्या भाषेत विचारावे. या पट्ट्यातील कामगार सोलापूरचा असेल, गुलबर्ग्याचा असेल, गोरखपूरचा असेल. मराठी, कन्नड वा हिंदी उत्तम वाचणारा माणूस इंग्रजी पडद्यापुढे निरक्षर ठरतो, हा त्याचा दोष नव्हे.

येथेच या पाहणीतून निघणारे सर्वांत महत्त्वाचे फळ दिसून येते. प्रामाणिकपणे केलेली चाचणी अनेकदा असे दाखवून देते की, उणीव कामगारात नसून कागदात आहे. सूचनापत्र इंग्रजीत आहे. ते इतक्यांदा छायांकित झालेले आहे की आकडे पुसट झाले आहेत. सुपरवायझरचे अक्षर त्याचे त्यालाच लागत नाही. एकच भाग ड्रॉइंगवर एका नावाने आणि कार्डावर दुसऱ्या नावाने लिहिलेला आहे. अशा ठिकाणी प्रशिक्षणाचा वर्ग भरविणे म्हणजे दिव्याची काच पुसावयाची सोडून डोळ्यांत औषध घालणे होय. काही वेळा उपाय याहूनही सोपा असतो. पंचेचाळिशीच्या कामगाराला व्हर्निअरच्या रेषा दिसत नसतील, तर त्याला वर्गाची नव्हे, चाळिशीच्या चष्म्याची गरज आहे. तो चष्मा काही शे रुपयांत येतो. परीक्षा कामगाराची घ्यावयास निघालो, आणि निकाल कारखान्याचा लागला, असा हा प्रकार आहे. ज्या व्यवस्थापनाला हा निकाल ऐकण्याची तयारी नसेल, त्याने परीक्षेच्या भानगडीत न पडणेच बरे.

आता कामगारांच्या मनातील भीतीचा विचार केला पाहिजे, कारण ती निराधार नाही. या भूमीत ‘पात्रता’ हा शब्द मोठा कडवट झालेला आहे. नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत उरणच्या परिसरात त्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. ज्यांच्या शेतांवर ही नगरी उभी राहिली त्या आगरी-कोळी कुटुंबांच्या मुलांना कारखान्याच्या दारात ‘तुमच्याजवळ कौशल्य नाही’ हे उत्तर ऐकावे लागले. ज्यांनी मोठमोठे कारखाने बंद पडताना डोळ्यांनी पाहिले, स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी गेलेले शेजारी पाहिले, त्यांना नव्या परीक्षेच्या आडून नवी छाटणी येत आहे असे वाटले, तर त्यांना दोष कोणी द्यावा? ज्याचे काम कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे, तो ‘मला भागाकार येत नाही’ असे लेखी का देईल?

यास्तव काही बंधने मालकांनी आधीच, लेखी आणि संघटनेच्या सहीने मान्य केली पाहिजेत. या चाचणीचा निकाल पगार, बढती वा कपात यांसाठी वापरला जाणार नाही. व्यक्तीचा निकाल त्या व्यक्तीला आणि शिकविणाऱ्याला कळेल. व्यवस्थापनाला केवळ खात्याचे एकत्रित चित्र मिळेल. चाचणी व नंतरचे शिक्षण पाळीच्या वेळेत, भरपगारी होईल. कंत्राटी कामगारांना तिच्यातून वगळले जाणार नाही. कारण यंत्राचा दात बोट पकडताना ते बोट कोणाच्या हजेरीपटावरचे आहे हे पाहत नाही. आणि चाचणीनंतर तीन महिन्यांत शिक्षण सुरू झालेच पाहिजे. रोग सांगून औषध न देणारा वैद्य ज्याप्रमाणे पुन्हा दारात उभा राहू शकत नाही, त्याप्रमाणे एकदा चाचणी घेऊन स्वस्थ बसलेल्या व्यवस्थापनावर कामगार पुन्हा विश्वास टाकणार नाहीत. एक अपवाद मात्र स्पष्ट असावा. ज्याच्या उणिवेने आजच जिवाला धोका आहे, त्याला शिकेपर्यंत त्या यंत्रावरून दूर ठेवावे, पण पगाराला धक्का न लावता.

कायद्याच्या दृष्टीने हे काही परोपकाराचे कार्य नव्हे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २३ व्या कलमात, धोकादायक यंत्रावर अल्पवयीन व्यक्तीला काम देण्यापूर्वी तिला धोक्यांची पूर्ण माहिती आणि पुरेसे शिक्षण दिले पाहिजे, अथवा ती जाणकाराच्या देखरेखीखाली तरी असली पाहिजे, असे बंधन होते. १९८४ च्या भोपाळच्या भीषण दुर्घटनेनंतर, १९८७ साली, त्या कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने सर्वच कामगारांना माहिती, सूचना, प्रशिक्षण व देखरेख पुरविणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले. २०२० साली संसदेने व्यावसायिक सुरक्षिततेची नवी संहिता संमत केली. कलमांचे आकडे बदलले, परंतु कर्तव्याचे मर्म बदललेले नाही. आणि शिक्षण दिले असे म्हणण्यापूर्वी ते पोचले काय, हे पाहणे ओघानेच आले. न समजलेल्या भाषेतील व्याख्यानाखाली घेतलेली सही म्हणजे प्रशिक्षण नव्हे. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय तर आपल्या बेलापुरातच आहे. १९६६ साली ४ मार्च रोजी ती स्थापन झाली आणि तो दिवस दरसाल सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी कारखान्याकारखान्यांतून शपथ वाचली जाते. शपथ वाचून दाखविणाऱ्यांनी एकदा ती कामगारांच्या हाती देऊन त्यांना वाचावयास सांगावी. पाहणीचा आरंभ तेथूनही होऊ शकेल.

लहान कारखानदार विचारतील की, वीस माणसांच्या यंत्रशाळेने हा व्याप कोठून करावा? शिकविलेला माणूस चार पैसे अधिक मिळताच शेजारच्या गाळ्यात जातो, मग शिकवावे तरी कोणासाठी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही शेजारीपणातच आहे. प्रत्येकाने एकट्याने शिकविले तर प्रत्येकाला गळतीचे भय. सर्वांनी मिळून शिकविले तर येणाराही शिकलेलाच येईल. ठाणे-बेलापूर पट्ट्यात उद्योजकांची संघटना आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, वाशीत आणि आसपास तंत्रशिक्षणाची महाविद्यालये आहेत. त्यांनी एकत्र येऊन चाचणीचे एक सामाईक साहित्य मराठी व हिंदीत तयार करावे आणि फिरता शिक्षक नेमावा. हे अशक्य नव्हे. मुंबईने हे पूर्वी केले आहे. १९६७ साली वरळीला देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले, ते गावाहून आलेल्या औद्योगिक कामगारांना त्यांच्या कामाच्या व जीवनाच्या गरजा पाहून शिकविण्यासाठीच. कोणता अभ्यासक्रम हे आधी ठरवून विद्यार्थी गोळा करावयाचे नाहीत, आधी माणसाची गरज पाहावयाची आणि मग अभ्यासक्रम रचावयाचा, हे त्याचे सूत्र होते. पुढे देशभर तशी केंद्रे निघाली आणि २००० साली त्यांना जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले. नाव बदलले, ते सूत्र विसरले जाऊ नये.

सरकारनेही आपल्या योजनांकडे या दृष्टीने पाहावे. २०१५ पासून पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत, अनुभवाने शिकलेल्याच्या ज्ञानाची परीक्षा घेऊन त्याला दाखला देण्याची सोय झाली. शेजारी उभे राहून शिकलेल्या माणसाच्या हाती एक मान्यतेचा कागद पडावा, ही कल्पना स्तुत्य आहे. परंतु दाखले किती वाटले यावरच योजनेचे यश मोजले जाऊ लागले की परीक्षेचा हेतू दाखल्यापाशी थांबतो. त्याला काय येत नाही, आणि ते त्याला कोण शिकविणार, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

शेवटी एका मराठी माणसाचे स्मरण केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हावयास जे. जे. कलाशाळेत गेले, आणि काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत असे त्यांना कळून आले. उणीव सापडली, पण ती सापडल्यामुळे त्यांना घालवून दिले गेले असते तर महाराष्ट्राचे केवढे नुकसान झाले असते! ते यांत्रिक रेखाकलेकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर त्यांनी कारखान्याची वसाहत उभारली. तेथे त्यांना तयार कारागीर मिळाले नाहीत. आसपासच्या खेड्यांतील माणसे त्यांनी घेतली, शाळा अर्धवट सुटलेल्यांना घेतले, समाजाने गुन्हेगार म्हणून दूर लोटलेल्यांवर पहाऱ्याचा विश्वास टाकला, आणि त्याच माणसांकडून नांगर व यंत्रे घडविली. कोणाला काय येत नाही हे त्यांना नक्कीच दिसले असेल. शिक्षकाच्या नजरेला ते दिसल्यावाचून राहत नाही. परंतु त्यांनी त्याची नोंद केली ती शिकविण्यासाठी.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण अभियंते आहेत, व्यवस्थापक आहेत, कारखान्यांच्या कचेऱ्यांतून काम करणारे आहेत. त्यांना आमचे इतकेच सांगणे आहे की, पुढच्या वेळी खात्यातून माल नापास होऊन परत आला, किंवा कोणाच्या हाताला इजा झाली, तर चौकशीच्या कागदावर ‘हयगय’ हा शब्द लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्या माणसाच्या समोरचा कागद आपण स्वतः हाती घ्यावा, तो कोणत्या भाषेत आहे ते पाहावे, त्यातील आकडे आपल्याला तरी लागतात का ते पाहावे, आणि मग त्याच्या शेजारी बसून शांतपणे विचारावे की, यातले तुम्हांला काय समजले? या एका प्रश्नात चाचणीही आहे आणि शिक्षणाचा आरंभही आहे. यंत्रावर लाखो रुपये खर्च करणाऱ्या उद्योगाने यंत्रापुढच्या माणसाला हा प्रश्न आजवर विचारला नसेल, तर नापास कोण झाले हे आम्ही सांगावयास नको.